दारू, मनाचा आजार आणि आपला विहार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडाफार नीट करून दिला आहे.)

 

समितीने आम्हाला विषय दिला 'व्यसनमुक्ती व समाज'. या विषयावर आम्ही वीस-पंचवीस वर्षे बोलत आलो आहोत. जयंतीला बोललो, धम्मचक्र प्रवर्तनदिनी बोललो, लग्नातसुद्धा बोललो. दारूने संसार कसा बुडतो ते सांगायचं, पंचशीलातलं पाचवं शील सांगायचं, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे याची आठवण द्यायची. टाळ्या पडतात. आणि संध्याकाळी ज्याचे पाय जिकडे वळायचे तिकडे वळतातच. आज ते भाषण करायचं नाही. आज घरातली गोष्ट सांगायची आहे. ती आमच्या धाकट्या भावाची आहे आणि त्याला विचारून सांगतो आहोत. तो म्हणाला, "सांग. पण माझी बाजू सावरून सांगू नकोस, आणि तुझीबी नको."

आम्ही काही डॉक्टर नाही. सातवी झालो आणि कामाला लागलो. जे वाचलं ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि रात्रपाळीत. आजाराविषयी जे सांगणार आहोत ते डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून शिकलेलं आहे. हॉस्पिटलात आम्हाला 'प्रश्नवाले काका' म्हणत असत.

पहिल्यांदा आपला मुलूख बघा. माळीनगर, शंकरनगर, सदाशिवनगर, जिकडे जाल तिकडे कारखान्याची चिमणी. उसावर आपली चूल पेटते. एक टन ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल होतं. ते सगळंच पिण्यात जात नाही, औषधाला, रसायनाला, आता पेट्रोलमध्येही जातं. पण देशी दारूची बाटली ज्यातून भरली जाते तेही बहुतेक मळीचंच. म्हणजे ज्या उसाची मोळी आम्ही मिलमध्ये जाताना बघतो, तीच बाटलीतून पुन्हा आमच्या वस्तीत येते. हातभट्टीची गोष्ट निराळी नाही, तिथं गूळ आणि नवसागर. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली 'ऑपरेशन परिवर्तन' नावाचं काम हाती घेतलं. हातभट्टी लावणाऱ्यांना नुसतं धरायचं नाही, त्यांना दुसऱ्या धंद्याला लावायचं, असा त्यातला विचार. चांगला विचार आहे. दारू करणाऱ्याला पर्याय द्यावा लागतो हे पोलिसांना कळलं. पिणाऱ्याला काय द्यायचं, ते मात्र आम्हाला कळत नव्हतं.

भाऊ आमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही मिल हाऊसला कायम झालो, तो सेंट्रिफ्युगलला हंगामी. हंगामी कामगाराचं जिणं इथं बसलेल्यांना सांगायला नको. चार-पाच महिने गाळप, बारा महिन्यांचा खर्च. त्यात एका वर्षी पगार थकला. किती महिने थकला आणि का, तो विषय आज काढत नाही. त्या वर्षी भावाची झोप गेली. आधी झोप गेली, मग दारू आली, हे लक्षात ठेवा, कारण आम्ही ते लक्षात ठेवलं नाही. रात्री दोनला अंगणात बसलेला असायचा. जेवण कमी. मुलाला जवळ घेईना. ढोलकी इतकी छान वाजवायचा, ती खुंटीवरनं काढीना. "दादा, आतनं सगळं विझल्यासारखं झालंय," असं एकदा म्हणाला होता. आम्ही त्याला काय सांगितलं असेल? "बाबासाहेबांनी किती सोसलं, तू एवढ्यानं खचतोस?"

मग झोप लागावी म्हणून क्वार्टर. मग सकाळी हात थरथरतात म्हणून सकाळीही.

एप्रिल २०१३. जयंतीची मिरवणूक. तो पिऊन आला, ढोलकी मागायला लागला. आम्ही तेव्हा समितीचे सचिव. विहाराचे नियम २००९ साली आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले, त्यात एक कलम असं की, दारू पिऊन आढळेल त्या सभासदाचं नाव कमी करण्यात येईल. आम्ही सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरली, रस्त्याच्या कडेला नेऊन सोडला आणि दुसऱ्या दिवशी वहीत त्याच्या नावावर रेघ मारली. लोक म्हणाले, सख्ख्या भावालाही सोडलं नाही, याला म्हणतात तत्त्व. आमची छाती फुगली होती, खोटं कशाला सांगा.

दीड महिन्याने, २५ मे रोजी बुद्धपौर्णिमा. त्या दिवसापासून त्याची दारू बंद करायची असं आम्ही ठरवलं. त्यानं नाही, आम्ही. घराच्या मागच्या खोलीत त्याला घातला, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली आमच्या खिशात. म्हटलं चार दिवस ओरडेल, मग सरळ होईल. पहिल्या दिवशी घाम आणि थरकाप. उलट्या. दुसऱ्या रात्री झोप नाहीच. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरनं मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वडील येऊन बसलेत म्हणून त्यांच्याशी बोलायला लागला. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. शेजारची म्हातारी म्हणाली, बाहेरचं आहे, अमक्याकडं घेऊन जा. आम्ही तिच्यावर ओरडलो, "आम्ही बौद्ध आहोत, असलं मानत नाही." पण डॉक्टरला बोलवायचं आमच्याही डोक्यात आलं नाही. "नाटकं करतोय," एवढंच आलं.

भावजय शेतात खुरपायला जाते, तीन बुकं शिकलेली. तिनं खुरप्याच्या मुठीनं कुलूप तोडलं. आणि आम्हाला जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगतो : "दादा, विहारातनं तुम्ही हाकलला, घरात तुम्ही कोंडला. मग यानं जायचं कुठं?" एवढ्यात त्याला फिट आली.

जीप करून अकलूजला नेला. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "एकदम बंद कुणी केली?" आम्ही अभिमानाने सांगितलं, "आम्ही." ते म्हणाले, "आणखी एक रात्र उशीर केला असता तर माणूस हाती लागला नसता."

हे आपल्या लोकांना माहीतच नाही म्हणून खुलासा करून सांगतो. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर साधारण सहा तासांपासून त्याला त्रास सुरू होतो. हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, दिवस कोणता ते कळत नाही. सगळ्यांनाच असं होत नाही, पण ज्याला होतं आणि उपचार मिळत नाही तो दगावू शकतो. कारखान्यातल्या सोबत्यांना आम्ही हे टर्बाइनवरून सांगतो. टर्बाइनवर लोड असतो तोवर त्या लोडला पुरेल एवढी वाफ आपण सोडतो. दारू म्हणजे मेंदूवरचा लोड, ती मेंदूला दाबून धरते. वर्षानुवर्षं दाबून धरली की मेंदू तेवढी जास्त वाफ सोडायला शिकतो. आता लोड एकदम काढा. काय होईल? टर्बाइन पळणार. गव्हर्नरने ट्रिप केलं तर ठीक, नाहीतर मोडतोड. डॉक्टर काय करतात, तर दुसऱ्या औषधाचा लोड देतात आणि तो पाच-सात दिवसांत हळूहळू उतरवतात. सोबत ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्याच्यावाचून मेंदूला कायमची इजा होते. यात तत्त्व, इच्छाशक्ती, आईची शपथ यांचा काही संबंध नाही. शपथ नंतर उपयोगाची. आधी सलाईन.

तेव्हा पहिली गोष्ट : रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडू नका. सरकारी दवाखान्यात न्या आणि किती पितो ते खरं सांगा. अर्धं सांगितलं तर डॉक्टर अर्ध्याचंच औषध देतात.

आणखी एक. एसटीत, भिंतीवर जाहिराती असतात, पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा म्हणून. चहातून, भाजीतून पावडर घालायची. कितीतरी भगिनींनी पै-पै साठवून ती आणलेली आम्हाला माहीत आहे. कशात काय असतं देव जाणे, असं आपण म्हणत नाही, पण खरंच कुणी जाणत नाही. काहींत डायसल्फिराम नावाचं औषध निघतं. ते डॉक्टरांचं खरं औषध आहे, पण ज्याला द्यायचं त्याला सांगून, तपासण्या करून, समजावून द्यायचं असतं. नकळत दिलं आणि तो वर प्यायला तर रक्तदाब एकदम उतरतो, जीव जाऊ शकतो. नवऱ्याला वाचवायला गेलेली बाई त्याच्या मरणाला कारण व्हायची. ती पावडर आणू नका.

भाऊ हॉस्पिटलात अकरा दिवस होता. आम्ही व्हरांड्यात. तिथं वेळ जाईना म्हणून विनयपिटकावरचं पुस्तक वाचत होतो आणि त्यात सागत स्थविरांची कथा समोर आली. पूर्वी वाचलेली असणार, पण डोळ्यांखालून गेलेली.

भिक्खू सागत म्हणजे साधासुधा भिक्खू नव्हे. भद्दवतिकेजवळ एका तपस्व्याच्या आश्रमात भयंकर नाग होता, त्याला सागतांनी आपल्या तेजाने नमवलं. त्यांची कीर्ती झाली. पुढे ते कोसंबीला गेले तेव्हा उपासकांनी विचारलं, यांना काय द्यावं? काही थिल्लर भिक्खूंनी सांगितलं, कपोतिका नावाची मद्याची एक जात असते ती द्या. झालं! भिक्षेला जावं त्या घरी प्रेमाने प्याला पुढे. नाग जिंकणारा माणूस नगराच्या वेशीत पडला. तथागत भिक्खूसंघासह तिकडून निघाले होते. त्यांनी बघितलं आणि काय केलं? सांगितलं, याला उचला. विहारात आणला, तथागतांच्या दिशेला डोकं करून निजवला. तो वळून तथागतांकडेच पाय करून झोपला. तेव्हा त्यांनी संघाला विचारलं, पूर्वी हा आमच्याशी आदराने वागत होता ना? नाग जिंकला होता ना? आता याला पाण्यातलं विरोळं तरी जिंकता येईल का? आणि मग मद्य न पिण्याचा नियम घालून दिला.

आम्ही व्हरांड्यात ते पान तीन वेळा वाचलं. नियम कडकच आहे, यात शंका नाही. पण तो करण्याआधी माणूस उचलून आत आणला आहे. आणि नियम मोडला तर त्याला संघातून काढा असंही नाही. मोडल्याची कबुली द्यायची आणि पुन्हा पाळायला लागायचं. चार गुन्हे असे आहेत की ज्यांना संघात जागाच नाही, त्यांत मद्यपान नाही. हेच सागत पुढे अर्हत झाले, तेजोधातूत निपुण म्हणून तथागतांनी त्यांचं नाव घेतलं. त्याच विनयात आणखी एक सांगितलेलं आहे : ज्याचं चित्त ठिकाणावर नाही, जो उन्मत्त झाला आहे, अशा भिक्खूकडून नियम मोडला गेला तर त्याला दोष लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगितलंय. आणि आम्ही २००९ साली काय लिहिलं, ते वर सांगितलंच.

दारू उतरल्यावर भाऊ बरा होईल अशी आमची समजूत. झालं उलटंच. शुद्धीवर आला तसा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मनोविकाराच्या डॉक्टरांनी त्याला दोन तास बसवून विचारलं आणि सांगितलं, याला दोन आजार आहेत. एक दारूचा, एक उदासीनतेचा. उदासीनता आधीची. एक दुसऱ्याला खायला घालतो, दोन्हींचे उपचार बरोबरच करावे लागतील. तेव्हा आम्हाला ती खुंटीवरची ढोलकी आठवली.

या आजाराविषयी आपल्यात एक चमत्कारिक समजूत आहे की तो मोठ्या लोकांना होतो, रिकाम्यांना होतो. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही). शंभर प्रौढ माणसांत दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मनाचा आजार होता. आणि दिल्लीच्या एम्सने २०१९ साली जाहीर केलेल्या पाहणीप्रमाणे दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. आपल्या वस्तीतली घरं मनातल्या मनात मोजा. नावं घेऊ नका, नुसती मोजा.

औषधाबद्दलही सांगतो, कारण निम्मी माणसं तिथेच घसरतात. उदासीनतेची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नसते. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं, मळमळ, हेच जाणवतं. मग म्हणतात, याच्या गोळ्यांनी आणखी बिघडलं, आणि फेकून देतात. बरं वाटायला लागल्यावरही सहा-नऊ महिने, कुणाला जास्तही, गोळी चालू ठेवावी लागते. या गोळीची सवय लागते असं लोक म्हणतात. उदासीनतेच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या एकदम थांबवायच्या नाहीत. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, ज्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून आपण खुशाल खातो.

आता भगिनींकडे वळतो. पुरुषाचा आजार रस्त्यावर पडतो म्हणून दिसतो. बाईचा घरात पडून राहतो. बाळंतीण रडते, बाळाकडे बघत नाही, तर म्हणतात बाळंतवात झाला, नाहीतर म्हणतात नखरे. कुणी स्वतःशी बोलते, कुणाला आपल्या जेवणात विष घातलंय असं वाटतं, तिला माहेरी पाठवून देतात. आपण देव्हारे काढले, ते बाबासाहेबांच्या सांगण्यावरून काढले आणि फार चांगलं केलं. पण रात्रीच्या अंधारात लेकीला उतारा करायला नेणारे आपल्यातही आहेत. आम्ही त्यांना हसत होतो. आता हसत नाही. दवाखाना लांब, डॉक्टर बोलतो ते कळत नाही, आणि तो मांत्रिक निदान दोन तास ऐकून तरी घेतो. पण त्याची किंमत काय पडते ते बघा. तामिळनाडूत एरवाडी म्हणून गाव आहे. तिथं दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवण्याच्या खाजगी जागा होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एका ठिकाणी आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले. पळता आलं नाही. अठ्ठावीस माणसं गेली.

आमच्या मागच्या खोलीच्या कुलपात आणि त्या साखळीत फरक एवढाच की आमच्या भावजयीजवळ खुरपं होतं.

आता कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा पुण्यात खून झाल्यावर तो कायदा झाला. आमच्या भावाला हॉस्पिटलातून आणल्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. दाभोलकर साताऱ्यात व्यसनमुक्तीचंही केंद्र चालवत, 'परिवर्तन' नावाचं, हे आम्हाला त्यांच्या मृत्यूनंतर कळलं. माणसाच्या डोक्यातलं भूत काढायचं तर त्याच्यासाठी दवाखानाही उघडावा लागतो, हे त्यांना आमच्याआधी उमजलं होतं.

पटाचारेची कथा आपल्या महिला मंडळाला पाठ आहे. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हं बाळ पक्ष्याने उचललं, थोरलं नदीत वाहून गेलं, माहेरी यावं तर घर पडून आई, वडील, भाऊ एकाच चितेवर. तिला वस्त्राचीही शुद्ध राहिली नाही. लोक वेडी म्हणून हाकलत होते. जेतवनात आली तेव्हाही लोक आडवे झाले आणि तथागत म्हणाले, तिला येऊ द्या. तिला भानावर ये म्हणाले, आणि कुणीतरी आपल्या अंगावरचं वस्त्र तिच्याकडे टाकलं. ही कथा आम्ही अनित्यता समजावण्यासाठी सांगत होतो. ते आहेच. पण येऊ द्या, हा शब्दही आहे.

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन आम्ही भावाला जे सुनावलं, त्याचंही सांगतो. बाबासाहेबांचा लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्याआधी रमाईंची तीन लेकरं गेलेली. त्यानंतर बाबासाहेबांनी एका मित्राला पत्र लिहिलं. त्यात आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असं दाखवण्यात अर्थ नाही, हे त्यांनी उघड कळवलं आहे. आठ महिन्यांनी महाडचं चवदार तळं. एवढा मोठा माणूस मित्राला लिहून सांगू शकला की मी सावरलो नाही. आणि आमचा भाऊ, आतनं विझलंय असं सख्ख्या भावाला म्हणाला, तर आम्ही त्याच बाबासाहेबांच्या नावाने त्याचं तोंड बंद केलं.

तो एकदा विहिरीकडे गेला होता. पोराने पाहिलं म्हणून परत आला. हे आम्हाला दोन वर्षांनी समजलं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट शिरत नाही. उलट माणूस हलका होतो. त्याने हो म्हटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे असं करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याला सजा नव्हे, उपचार द्यायचे असतात. आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. रात्री-बेरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

पुढची हकीकत थोडक्यात. भाऊ पुण्याकडच्या एका केंद्रात महिनाभर राहून आला. तिकडे कळलं की पुण्याच्या 'मुक्तांगण'ची सुरुवात १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने केली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी केंद्रांनी त्यांच्याकडून धडा घेतला. ए. ए. च्या मीटिंगा असतात, त्याही तिथेच कळल्या. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि तेवढ्यापुरते न पिता राहिले, त्यातून ती चळवळ निघाली. आम्हाला याचं नवल वाटलं. न पिणाऱ्याचं वीस वर्षांचं भाषण चालत नाही आणि पिणाऱ्याचा एक तास चालतो! पण आहे तसं.

आणि केंद्रातून आला म्हणजे झालं असंही नाही. भाऊ तीनदा घसरला. पहिल्या वेळी आम्ही पुन्हा चिडलो, बोलू नये ते बोललो. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या रोग्याची साखर वाढली तर तुम्ही त्याला घराबाहेर काढता का? गोळी बघता, खाणं बघता. हेही तसंच. डिसेंबर २०१९ नंतर त्याने घेतलेली नाही. ढोलकी वाजवतो. उदासीनतेची गोळी अजून चालू आहे, आणि ती घेतो म्हणून त्याला कमी समजणारे या मांडवातही आहेत.

एक गोष्ट मात्र आजाराच्या पदराखाली घालायची नाही. दारू हा आजार आहे म्हणून बायकोला मारायची मुभा मिळत नाही. मारणाऱ्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे आणि त्या वेळी विहाराने बाईच्या बाजूने उभं राहायचं, भाऊबंद बघायचे नाहीत. आमच्या भावाने दोनदा हात उचलला होता. तेही त्याने सांगायला सांगितलंय.

तर समितीपुढे एक ठराव ठेवतो आहोत. २००९ च्या नियमांतलं ते कलम रद्द करावं. जो पिऊन येईल त्याला दोघांनी धरून घरी पोचवावं आणि दुसऱ्या दिवशी, उतरल्यावर, त्याच्या घरी जावं. पीत असेपर्यंत त्याच्याकडे विहाराचा हिशेब देऊ नये, मंचावर बसवू नये, पण वहीतलं नाव राहील. रविवारी वंदनेनंतर मागची खोली एक तास अशा घरांसाठी मोकळी ठेवावी, तिथे आतलं बोललेलं बाहेर जाणार नाही. आणि महिन्यातून एकदा दवाखान्याला जायला जीपचं भाडं वर्गणीतून द्यावं. काही जणांचं म्हणणं आमच्या कानावर आलंय की याने पाचव्या शीलाचा मान राहणार नाही, पोरंही बिघडतील. त्यांचं खोटं आहे असं आम्ही म्हणणार नाही, सर्वसाधारण सभेत त्यांनी जरूर बोलावं. ज्यांच्या नावावर रेघ मारली अशी अकरा नावं जुन्या वहीत आहेत. त्यातले चौघे आज हयात नाहीत. उरलेल्या सातांच्या घरी आम्ही या महिन्यात जाऊन आलो.

ठराव लिहून तयार आहे. सूचक म्हणून आमची सही झाली आहे. अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे. कागद खाली टेबलावर आहे, जेवायला बसायच्या आधी बघून घ्यावा.

जयभीम. नमो बुद्धाय.